घसारा

शुक्रवारी बाजार माझ्या जिन्यापर्यंत येतो.
चोरिसांच्या माळा ओलांडून ती वर आली.
शर्वाणी कांदोळकर, वय सव्वीस, शिवोलीची,
चपलांना नदीचा चिखल.
बसायच्या आधीच विचारलं,
"सर, कंपनी काढायला किती दिवस लागतात?"

एकतीस वर्षं म्हापशात हिशेब लिहितोय.
आधी डिचोलीचे खनिजाचे ट्रक,
खाणी थंडावल्या तेव्हा कळंगुटच्या खोल्या,
त्यांच्यामागून भाड्याच्या स्कूटर.
हल्ली पोरं येतात
आणि टेबलावर स्वतःलाच ठेवतात.

ही ओहोटीला शापोरा नदीत उतरते,
गुडघाभर पाण्यात पायाच्या अंगठ्याने खुबे चाचपते,
सापडला की ओरडते, "मेळ्ळो गो बाय!"
आणि हसते. एवढंच.
तीन लाख लोक ते बघतात.
मीही बघितलं, आधी आवाज बंद करून,
मग लावून.

शेजारचा मेल्विन फोन धरतो, त्याला दहा टक्के.
खुब्यांचा मसाला पुड्यांतून,
ओहोटीच्या वेळा सांगणारं ॲप,
पुण्या-नाशिककडच्यांसाठी घरबसल्या वर्ग.
मी म्हटलं, अगं, नाशकात खुबे कुठले?
"त्यांना खुबे नको असतात, सर."

मालमत्तेच्या रकान्यात लिहिलं:
फोन दोन, तिवई एक, कोयता एक (गंजलेला).
बेरीज एक्केचाळीस हजार.
आणि आसगावच्या व्हिलात महिनाभर उतरलेला
बंगळुरूचा माणूस म्हणतो, कंपनी दोन कोटींची.
मधल्या फरकाला आमच्या पुस्तकात ख्याती म्हणतात.
हे सांगितल्यावर ती हसली,
तेच हसणं,
आणि पटकन तोंडावर हात ठेवला,
काहीतरी फुकट सांडल्यासारखा.

फोनला घसारा लागतो, तिवईला लागतो,
कोयत्यालासुद्धा.
ख्यातीला कायदा घसारा देत नाही.
पहाटे पाचला चिखलात, रात्री दोनला फोनवर,
तिच्या डोळ्यांखाली मी पाहिलं
आणि पान उलटलं.

पान सतरा, कलम नऊ, पोटकलम ग.
इंग्रजी तिला येतं, तरी म्हणाली, आपल्या भाषेत सांगा.
सांगितलं:
संस्थापक कंपनी सोडून गेल्यास
तिचं नाव, तिचा आवाज,
आणि "मेळ्ळो गो बाय" ही हाक
कंपनीकडे राहील, कायमची.

खाली कुणीतरी मिरच्यांवरून हुज्जत घालत होतं.
बराच वेळ ती तेच ऐकत बसली.
"हाक माझी नाही," म्हणाली.
"माझ्या मावशीची आहे. तिने मला खुबे काढायला शिकवलं.
मला ती बाय म्हणते. म्हणजे ती बाय मी.
ओरडणारी ती."
मावशी कुठे असते?
"शापोऱ्याच्या जेटीवर, मासे सुकवते.
तिच्याकडे बटणांचा फोन आहे."

माझं पेन घेतलं, हाक या शब्दावर रेघ मारली,
इतकी दाबून की खालच्या पानावरही उमटली.
"नाव घेऊ दे. आवाज घेऊ दे.
एवढं नको म्हणून कळवा."
साडेपाचला ओहोटी होती, धावत गेली.
मेल्विन खाली स्कूटरवर वाट बघत,
कलिंगडाची फोड खात.

मी कळवलं.
सोमवारी बंगळुरूहून उत्तर आलं, एका ओळीचं:
ऐकून आनंद झाला, मावशींनाही करारात घ्या.

ते छापून फायलीत ठेवलंय.
बिलाचा आकडा अजून कोरा आहे.
तिला सांगायला दोनदा फोन उचलला.
पहिल्यांदा परत ठेवला.
दुसऱ्यांदा बोट कुठेतरी भलतीकडे पडलं
आणि रिकाम्या कचेरीत, फायलींच्या कपाटावर आपटून,
मेळ्ळो गो बाय.